कढीला उकळी येईपर्यंत

कढी फुटली म्हणून भाडेकरणीला खोली सोडायला सांगणारी बाई जगात एकच झाली असेल, आणि नेमकी तीच माझ्या वाट्याला आली. आज इतक्या वर्षांनी, नांदेडच्या माझ्या घरात, कढी करायला घेतली की माझा जबडा आपोआप आवळला जातो. नवरा म्हणतो, "कढी करतेस की कुणावर सूड उगवतेस?" त्याला काय सांगणार?

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, खुर्च्या मात्र उस्मानाबादेहून आलेल्या जुन्याच. त्यातल्या एका कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली आणि मी मुदखेडहून एक ट्रंक घेऊन आले. मुदखेडच्या स्टेशनवर निरोप देताना बाबांनी अट घातली होती. घरात बाईमाणूस असलेल्या चांगल्या कुटुंबात खोली मिळाली तरच नोकरी, नाही तर पहिल्या गाडीनं परत. परत म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. उमरीचं एक स्थळ सहा महिन्यांपासून होकाराची वाट बघत बसलं होतं. मला ती नोकरी हवी होती. सकाळी साडेदहाला स्वतःच्या टेबलापाशी जाऊन बसायचं, एवढंच माझं मागणं होतं.

पण नव्या जिल्ह्यात खोली कुठली मिळायला! साहेब लोकच शाळांच्या वर्गांत गाद्या टाकून राहत होते. शेवटी कचेरीतल्या शिपायानं एक पत्ता दिला. "खोली झकास हाय, बाई. पण अव्वा जरा..." असं म्हणून त्यानं हात हवेत फिरवला आणि पुढं काही सांगितलंच नाही.

अव्वा म्हणजे घरमालकीण. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, नवऱ्याचं बाजारात सुतळी-दोरखंडाचं दुकान. तिचं माहेर उदगीरकडचं, तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून ती साऱ्या गल्लीचीच अव्वा झालेली. खरं नाव मला कधीच कळलं नाही. लाइटच्या बिलावर आप्पांचं, म्हणजे नवऱ्याचं नाव होतं, आणि तिला नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. ठेंगणी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पदर खोचलेला, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कायम अर्धवट उठलेलं. त्या बोटानं मला पुढं फार छळलं.

तिनं मला दारातच उभं केलं. नोकरी कुठली, वडील काय करतात, काही विचारलं नाही.

"मांस-मच्छी खातीस?"

"नाही."

"कढी येती का?"

मला वाटलं, गंमत करते आहे. हसत म्हटलं, "येते की." दहा मिनिटांत मी तिच्या स्वयंपाकघरात स्टोपुढं बसले होते आणि ती माझ्यामागं भिंतीला टेकून उभी होती. एम्प्लॉयमेंटच्या मुलाखतीत मला घाम फुटला नव्हता, तो तिथं फुटला. घाई केली, जाळ मोठा ठेवला, मीठ आधीच टाकलं आणि व्हायचं तेच झालं. कढी फुटली. वर निवळ पाणी, खाली पांढरा चोथा.

मी मान खाली घालून म्हटलं, "फुटली."

अव्वानं पळीनं चोथा उचलून पाहिला. मग म्हणाली, "तुझ्याआधी चाकूर व्हती. तिची फुटली तर तिनं वरून मूठभर कोथिंबीर टाकली. मला! मला कोथिंबीर दाखविती!" चाकूर म्हणजे आधीची भाडेकरीण. अव्वा माणसांना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारायची. त्या दिवसापासून मी मुदखेड झाले ती झालेच. "ए मुदखेड, दार लाव." "मुदखेडला विचारा जेवती का." गल्लीतली पोरंसुद्धा मला मुदखेडताई म्हणायची.

मग तिनं मला बाजूला सारलं आणि फुटलेली कढी दुरुस्त केली. मला वाटलं होतं, त्यातच डाळीचं पीठ टाकून घुसळेल. तिनं स्टो विझवला, कढी कोमट होऊ दिली. दुसरं भगुणं घेतलं, त्यात दोन चमचे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि थोडं गोड दही रवीनं एकजीव केलं, आणि मग त्यात फुटलेली कढी पळी-पळीनं सोडत गेली. एक पळी, घुसळण. आणखी एक पळी, घुसळण. "फुटलेल्यात चांगलं टाकायचं नसतं, ते बी फुटतं," ती म्हणाली. "चांगल्यात फुटलेलं घ्यायचं. दमानं. ते बिचारं सांभाळून घेतं." वीस मिनिटांनी भगुण्यात कढी होती. जिभेला थोडं कळत होतं, डोळ्याला काही कळत नव्हतं.

"खोली तुझी," ती म्हणाली. "खरं बोललीस म्हणून. कढी तर भिकार केलीस."

अशी मला नोकरी टिकवता आली. हे मी आयुष्यात कुणाला पटवून देऊ शकलेले नाही.

अव्वाचा सोमवारचा उपास असायचा आणि संध्याकाळी तो सोडताना कढी-खिचडी. ही कढी म्हणजे त्या घरातला कायदा होता. दही कालचं नको, आंबट नको. दही आणि पीठ आधी घोटायचं, पाणी मागून. जाळ बारीक. पळी एकदा फिरायला लागली की उकळी येईपर्यंत थांबायची नाही. फोडणी वेगळी करून, जराशी निवू देऊन वर ओतायची. झाकण कधीच नाही. आणि मीठ सगळ्यांत शेवटी, भगुणं खाली उतरल्यावर, तेही अव्वाच्याच हातानं. आप्पांनी चाळीस वर्षांच्या संसारात कढीत मीठ घातलेलं नव्हतं.

इथपर्यंत मी मान्य करते. हे सगळं खरं आहे, मी आजही तसंच करते. पण त्याच दमात, त्याच आवाजात ती पुढं सांगायची की कढी चुलीवर असताना घरात कुणी बोलायचं नाही. रागावलेल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. सासरची आठवण काढायची नाही. शिंक आली तर अंगणात जायचं. खरं कुठं संपतं आणि खूळ कुठं सुरू होतं ते कळायला काही मार्गच नव्हता, आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारावं तर कढी चालू असायची.

तेव्हा दर सोमवारी, रवीचा आवाज थांबला की घर मुकं व्हायचं. आप्पा दुकानातून आले तर चपला हातात घेऊन आत यायचे. रेडिओ बंद. पळी भगुण्याच्या तळाशी फिरल्याचा तेवढा आवाज. कुणी तोंड उघडलं की ते बोट वर जायचं. अव्वा मागं वळूनही बघायची नाही, नुसतं बोट.

एकदा तारवाला आला. दारात उभा राहून त्यानं माझं नाव घेतलं. तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं, असंच असायचं. मी धावले, तर बोट वर. तारवाल्याला ते बोट माहीत असावं. त्यानं पाकीट परत छातीशी धरलं आणि तो उभा राहिला. मी हातवारे केले, डोळे वटारले, रडकुंडीला आले. आप्पांनी मला खुणेनंच बसायला सांगितलं. तब्बल दहा मिनिटं आम्ही तिघं एका भगुण्याकडं बघत होतो आणि मी मनातल्या मनात घरातल्या एकेका माणसाला मारून जिवंत करत होते. उकळी आली, भगुणं उतरलं, मीठ पडलं, मग बोट खाली आलं. तार उघडली. भावाला मुलगा झाला होता.

मी तार मुठीत चुरगाळली. "अव्वा, बाबांना काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालेलंच असतं की माय," ती शांतपणे म्हणाली. "उकळीच्या आदी वाचून ते काय उठून बसले असते का?"

त्या शांतपणाचा मला आणखीच राग आला.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, पुढच्या वर्षी पडलाच नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग आणि बायकांची भांडणं. ते टँकरचं पाणी प्यायला ठेवायचं. वापरायला आणि स्वयंपाकाला म्हणून नगरपालिकेनं श्रावणात गल्लीच्या तोंडाशी बोअर पाडून हापसा बसवला. सगळ्यांनी त्याला हार घातला. पाणी लागलं, पण खारं. साबणाला फेस येईना, डाळ शिजेना, केस धुतले की काथ्या. तरी पाणी होतं, म्हणून कुणी नाव ठेवलं नाही. आप्पांचे गुडघे गेलेले, तेव्हा हापशावरून घागर आणायचं काम माझ्याकडं आलं.

आणि त्याच महिन्यात अव्वाची कढी फुटली.

मला तो सोमवार स्पष्ट आठवतो. पळी फिरत होती, जाळ बारीक होता, सगळं नेहमीसारखं. आप्पा ओट्याजवळ बसले होते. त्यांनी घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं, काहीतरी सांगायला हात वर केला. बोट उठलं. आप्पांचा हात तसाच खाली आला. आणि दोनच मिनिटांत भगुण्यात पांढरा चोथा दिसायला लागला. अव्वानं डोळे मोठे केले. पळी थांबली. त्या घरात उकळीच्या आधी पळी थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"शिव शिव," ती म्हणाली. मग गर्रकन वळून आप्पांना म्हणाली, "तुमी हात हालविला!"

आप्पा उठले आणि बाहेर जाऊन बसले. पुढच्या सोमवारी ते दुकानातून उशिरानं आले. कढी तरीही फुटली. त्याच्या पुढच्या सोमवारीही फुटली. आता आप्पांवर आळ घेता येईना, तेव्हा घरात दुसरं कोण उरलं?

"मुदखेड, इकडं ये. बस. तुज्या मनात काय हाय?"

"काही नाही, अव्वा."

"कचेरीत कोन हाय?"

"साहेब आहेत, दोन कारकून आहेत, शिपाई..."

"तसं न्हाई. कोन *हाय*?"

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. कढी फुटते म्हणून या बाईनं माझं प्रेमप्रकरण शोधून काढलं होतं! आमचे दोन कारकून कोण, तर एक निवृत्तीला टेकलेले आणि दुसरे तपकीर ओढणारे, पाच मुलांचे बाप. मी शपथा घेतल्या, उमरीच्या स्थळाला कसं टाळते आहे तेही सांगून टाकलं. ती म्हणाली, "पानी तू आनतीस. तुज्या हातातून काय तरी उतरू लागलंय. मन साफ असलं की कढी फुटत न्हाई." मी म्हटलं, माझी कढी तर आधीपासूनच फुटते. ती म्हणाली, "तेच तर!"

फुटलेली कढी ती जोडायची, पण तीही जमेना. नव्या पिठात कालवलेली कढी पुन्हा फुटायची, कारण पुन्हा तेच पाणी. हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दर सोमवारी ही बाई आणखी चिडते आणि माझ्याकडं आणखी बारीक डोळ्यांनी बघते. पाणी खारं आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. मीठ शेवटी घालायचं, आधी घातलं तर कढी फुटते, हे अव्वाला जगात कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. दोन्ही गोष्टी एका घरात नांदत होत्या आणि मधे सोयरीक जुळवायला कुणी नव्हतं. मलाही सुचलं नाही, ही माझी चूक. मी रागावण्यात गुंतलेली होते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी अव्वा माझ्या खोलीच्या दारात आली. "सनाच्या तोंडावर मानूस काडू न्हाई," ती म्हणाली. "येळवस हू दे. मग तू दुसरी खोली बग."

मी बघितली. कचेरी सुटल्यावर रोज गल्ल्या पालथ्या घातल्या. एकटी मुलगी म्हटल्यावर दारं बंद व्हायची, आणि पहिली खोली का सोडली हे सांगितल्यावर तर लोक हसायचे. त्यात पंधरा दिवसांनी बाबांचं पत्र आलं. अव्वानं आप्पांकडून त्यांना परस्पर कार्ड लिहवलं होतं: "आपल्या मुलीस येळवस झाल्यावरचे सोमवारी घेऊन जावे. कारण समक्ष सांगू." कारण समक्ष सांगू! बाबांनी काय काय कल्पना केल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. पत्रात एवढंच होतं की मी येतो, राजीनामा लिहून ठेव, उमरीकरांना कळवलं आहे. त्या रात्री मी जेवले नाही. एका भगुण्यापायी माझं टेबल जाणार होतं, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर सगळं बंद असतं, जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील प्यायची, भज्जी-उंडे खायचे, दिसेल त्याला बोलवायचं. दुष्काळ होता, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिलेली, तरी येळवस चुकली नाही. आप्पांचं चार एकर होतं शहराबाहेर, तिथं त्यांचे भाऊ-भावजया, पुतणे, गल्लीतली माणसं धरून चाळीस-पन्नास पानं होती. येळवशीला कढी कुणी करत नाही. अव्वा करायची. तिच्या कढीसाठी लोक वाट वाकडी करून त्या शेतात यायचे.

मला नेलं, पण चुलीजवळ येऊ दिलं नाही. एक शेत पलीकडं, बांधावर बाभळीखाली बसवलं. "तिकडंच बस. हिकडं बगू बी नको." शेतातली विहीर आटलेली, म्हणून पाणी गल्लीतल्या हापशाचं, बैलगाडीतून पिंपांत आणलेलं. तेही मला भरू दिलं नव्हतं. मी बाभळीखाली बसून काटे मोजत होते आणि मनात अव्वाला अशी बोलत होते की ऐकली असती तर शेतातली ज्वारीसुद्धा फुटली असती.

मग तिकडचा आवाज थांबला. पन्नास माणसं एकदम गप्प. मला कळलं, पळी सुरू झाली. थोड्या वेळानं एक भावजय ओरडली, "अगं बया! फुटली की वो अव्वा!"

मी उठले आणि पळत गेले. लाज-बीज काही ठेवली नाही. भगुण्यात चोथा आणि पाणी वेगळं झालेलं, आणि अव्वा पळी धरून तशीच बसलेली. मी इतकी चिडले होते की माझं तोंड सुटलं. "बघा! मी तिकडं होते! एक शेत सोडून होते! आता काय म्हणता? माझ्या मनात काय होतं?"

अव्वानं बोट उचललंच नाही. त्याचीच मला भीती वाटली.

शेजारची एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "आमची तर रोजच फुटती, अव्वा. हापसा आल्यापासून. आमी तशीच खातो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमाला कोन सांगावं?"

तेव्हा आप्पा बोलले. कोपीच्या सावलीत बसलेले होते, तिथूनच, हळू आवाजात. "पानी खारं हाय. त्यात मीठ आदीच हाय. तू मीठ शेवटी घालतीस, पर ते पैल्यांदाच पडलेलं असतंय. कढी फुटनारच."

अव्वा त्यांच्याकडं बघतच राहिली. "हे तुमाला कवा कळलं?"

"श्रावणात."

"मग बोलला का न्हाई?"

आप्पांनी उपरणं झटकलं. "बोलनार व्हतो. तू बोट दाखविलंस. वर म्हनलीस, हात हालविला म्हनून फुटली. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे."

ऱ्हाऊ दे! पाच महिने! माझी नोकरी जाते आहे, बाबांना कार्ड गेलं आहे, ते कार्ड या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे, आणि म्हणे ऱ्हाऊ दे! त्या क्षणी मला अव्वापेक्षा आप्पांचा जास्त राग आला. आजही येतो. खुळ्या माणसाचं समजू शकतं, पण शहाणा माणूस रुसून बसला तर त्याला काय करायचं?

अव्वा उठली. कोपीत पूजेची चरवी होती, देवळाच्या आडाचं गोड पाणी तिच्यात. आप्पा पूजेसाठी तेवढंच रोज दुकानातून येताना आणायचे. ती चरवी उचलताना ती जरा थबकली.

"पूजेचं हाय," ती म्हणाली.

"पूजा झाली," आप्पा म्हणाले. "आता मानसं जेवू दे."

मग तिनं नवीन भगुणं घेतलं. डाळीचं पीठ, कुणाच्या तरी गाडग्यातलं गोड दही, चरवीतलं पाणी. आणि फुटलेली कढी, पळी-पळीनं. चोथा पिंजून निघेपर्यंत रवी फिरत राहिली. चाळीसेक पळ्या तरी झाल्या असतील. सगळी माणसं उभी राहून बघत होती आणि कुणीच बोलत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. कढी जुळली. लोक जेवले. अव्वा जेवली नाही आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढचे चार दिवसही बोलली नाही. मी वाट बघत होते. एक शब्द पुरला असता. "राहा" म्हणाली असती तरी चाललं असतं, चुकलं म्हणायची काही गरज नव्हती. मी विचारायला हवं होतं, पण मी का विचारू? चूक तिची, कार्ड तिचं. सोमवारी दुपारी मी रजा टाकून घरी आले आणि एकेक साडी आपटत ट्रंक भरली. राजीनामा लिहून वर ठेवला. दोनदा खाडाखोड झाली.

संध्याकाळी दारात बाबा उभे राहिले. हातात पिशवी, प्रवासानं चेहरा धुळकटलेला, कपाळावर ती ओळखीची आठी. कढी चुलीवर होती, शेजारी देवळाच्या आडाच्या पाण्याची चरवी.

"मी लेकीला न्यायला आलो," बाबा मोठ्यानं म्हणाले. "हे काय चालून राहिलं इथं ते..."

बोट वर गेलं.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. सगळी नोकरी रेल्वेत केलेला माणूस, स्टेशनमास्तरलाही सुनावणारा. ते पुन्हा बोलायला गेले. बोट आणखी वर गेलं. आप्पांनी हळूच उठून त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले, ओठांवर हात ठेवून. बाबा बसले. पळी फिरत होती.

आणि मग, उकळी यायच्या आधी, त्या घरात कुणीतरी बोललं. अव्वा बोलली. मागं न वळता, पळी न थांबवता.

"मुदखेडचे पाव्हणे, ऐका. ते कारड खाऱ्या पान्यात लिवलेलं हाय. ते धरू नका."

बाबांनी तोंड उघडलं. बोट.

"तुमची लेक कढी भिकार करती. पर फुटली तर फुटली म्हनती. या गल्लीत तेवढी एकच हाय. माज्या तोंडावर पन्नास मानसांत बोलली. ती कुटं जायची न्हाई. हितं ऱ्हाईल, कचेरीत जाईल."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात उचलला. आप्पांनी तो हळूच धरून खाली ठेवला.

"उमरीवाल्याला सांगा, घाई आसंल तर दुसरीकडं बग. थांबनारा आसंल तर थांबंल." पळी फिरत राहिली. "तुमाला काय बोलायचं आसंल ते उकळी आल्यावर बोला."

उकळी यायला अजून सात-आठ मिनिटं लागली. बाबा भगुण्याकडं बघत बसले होते. त्यांच्या कपाळावरची आठी आधी घट्ट होती, मग हळूहळू सैल झाली, बहुतेक भुकेनं. कढी वर आली, फुगली, फुटली नाही. अव्वानं भगुणं उतरवलं, मिठाचा डबा उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"मुदखेड. मीठ तू घाल."

मी मीठ घातलं. डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं, आणि त्याच वेळी मला तिचं नरडं धरावंसं वाटत होतं. चार दिवस आधी बोलली असती तर हिचं काय गेलं असतं?

बाबा तीन वाट्या कढी प्यायले. उकळी कधीच येऊन गेली होती, आता बोलायला मोकळीक होती. त्यांनी वाटी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कढी झकास झाली."

"मीठ जास्त पडलंय," अव्वा म्हणाली.

सकाळी बाबा एकटेच परत गेले. मी राजीनामा फाडला आणि साडेदहाला टेबलापाशी जाऊन बसले. संध्याकाळी घरी आले तर दारात रिकामी घागर ठेवलेली होती. आता कढीसाठी देवळाच्या आडावरून पाणी आणायचं ठरलं होतं, जायला-यायला तास तरी लागणार. आप्पांचे गुडघे गेलेले, आणि आता माझ्या हाताची तिला खात्री पटली होती.

पुढं चार वर्षं, दर सोमवारी, कचेरी सुटली की मी चरफडत ती घागर आणत होते.